प्रस्थानाची बॅग

बॅग भरण्यात माझा हात धरणारं सासरी कुणी नव्हतं, आणि त्याचा मला भलता गर्व होता. माझे वडील औषधांच्या कंपनीत फिरतीवर असत. महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यांची बॅग मी आठवीपासून भरत आले. साडी असो की शर्ट, घडी घालायची नाही, गुंडाळायची. चपलेच्या पोकळीत साबणाची डबी. परकराच्या आत ब्लाऊज. दंतमंजन कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत. माणूस एक तर बॅग एक, आणि कागदपत्रं कायम बॅगेच्या तळाशी, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये. भरून झाली की वडील मला बॅग घेऊन तीन जिने चढायला लावत. दम लागला तर पुन्हा उपसायची.

लग्न होऊन वाशीला आले तेव्हा हे सगळं वाया गेलं. मला कुठे जायचंच नसे. बॅगा भरायच्या त्या इतरांच्या. नवरा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात शिफ्टला, त्याचं युनियनचं अधिवेशन असलं की बॅग मी भरायची. नणंद बाळंतपणाला आली, परत जाताना तिची आणि बाळाची मी भरायची. "हिच्यासारखी बॅग कुणाला भरता येत न्हाई," असं सासूबाई चारचौघांत सांगायच्या. मला ते ऐकून बरं वाटायचं, याचाच आता राग येतो.

तीन वर्षं अशीच गेली. ऐंशी साल उलटून गेलं होतं. आमच्या सेक्टरमध्ये घरं झाली होती, माणसं यायची होती. दोन इमारती सोडून तळमजल्यावरच्या एका खोलीत बालवाडी निघाली आणि मी तिथे तात्पुरती शिकवायला लागले. त्या बुधवारी बालवाडीच्या मुख्य बाईंनी हातात पत्र ठेवलं. पुण्यात पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. ते केलं की नोकरी कायम. सोमवारी सकाळी दहाला मूळ कागदांसह हजर व्हायचं, नाही झालं तर यादीतलं पुढचं नाव. बाई म्हणाल्या, "जागा एकच आहे हो. नंतर माझ्याकडे रडत येऊ नका."

नवरा हो म्हणाला. सासूबाई कॅलेंडरापाशी गेल्या. अक्षरं-आकडे त्यांना येत नव्हते, पण अमावास्येचा काळा गोल बरोबर ओळखायच्या.

"रविवारी आवस हाय. आवसंला घराभाईर पडायचं न्हाई."

"आई, सोमवारी सकाळी तिथं असायला हवं. रविवारी निघालंच पाहिजे."

"मग परस्थान ठेव. शुक्रवार चांगला हाय."

प्रस्थान म्हणजे काय ते मला माहेरीही माहीत होतं. निघायचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी आपलं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. सामान निघालं म्हणजे माणूस निघाला. मग वाईट दिवशी ते तिथून उचलायचं आणि पुढे जायचं. एकदा ठेवलेलं सामान मध्येच घरी आणायचं नाही, आणि मागे सोडूनही जायचं नाही. खरं तर रिवाजाला सुपारी-तांदळाची पुरचुंडीही पुरते. पण माझं सगळं एकाच एअरबॅगेत मावलं होतं. मी टेचात ती अख्खी बॅगच उचलली, वर पुरचुंडी बांधली आणि समोरच्या वहिनींच्या पलंगावर नेऊन ठेवली. चार साड्या, टॉवेल, पुठ्ठ्यातले दाखले, ते पत्र, सगळं तिच्यात. घरी काही म्हणजे काही उरलं नव्हतं. इतकी सुटसुटीत बॅग मी जन्मात भरली नव्हती.

शनिवारी दुपारी बालवाडीतून वर आले तर समोर कुलूप.

"गेली की ती दोघं गावाला," सासूबाई म्हणाल्या. "त्यांची म्हातारी लई शिरियस हाय म्हणं. तार आली."

"आणि माझी बॅग?"

"आत ऱ्हायली आसंल."

वहिनींचं गाव रत्नागिरीपलीकडे, तिथे फोन नाही. चावी कुणाकडे दिली का, हे मी वरच्या मजल्यावर विचारलं, खाली विचारलं, वॉचमनला विचारलं. सासूबाईंना विचारायचं मला सुचलंच नाही. घरातल्या माणसाला काय विचारायचं! शिफ्टवरून आलेला नवरा म्हणाला, "एवढं टेन्शन कशाला घेतेस? दुसऱ्या बॅगेत दोन साड्या टाक आणि जा." मूळ दाखले त्याच बॅगेत आहेत, मी म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, परस्थान मागं टाकून जाणं तर लईच वाईट.

शास्त्राप्रमाणे मी शुक्रवारीच निघाले होते. प्रत्यक्षात स्वयंपाकघरात कणीक मळत होते. दहा पावलांवर माझी बॅग, मध्ये बोटभर जाडीचं दार. मी त्या दारासमोर इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी मलाच लाज वाटली.

रविवारी नवऱ्याला पहिली शिफ्ट होती. अडीचला हायवेवर पुण्याची एस.टी. मिळायची. बारा वाजून गेले तेव्हा मी आशा सोडली होती आणि भात टाकत होते. तेवढ्यात जिन्यात आरडाओरडा झाला. वहिनींच्या दाराखालून पाणी येत होतं. आमच्याकडे पाणी दिवसातून एकदाच, ठरल्या वेळी यायचं. जाण्याच्या घाईत त्यांनी कोरडा नळ तसाच उघडा ठेवला असणार, आणि आता पाणी आलं होतं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ हातोडी घेऊन खाली धावले.

"कुलूप तोडायला लागणार. दुसरा इलाज नाय."

खरं सांगते, मला आनंद झाला. तोडा, मी म्हटलं, लवकर तोडा.

तेव्हा सासूबाई पुढे आल्या. त्यांनी नऊवारीच्या कनवटीला हात घातला, किल्ली काढली आणि कुलपाला लावली. "कशाला त्येंचं कुलूप मोडताय," त्या म्हणाल्या. लोक म्हणाले, बरं झालं हो आजी तुमच्याकडे होती.

आम्ही दोघी आत गेलो. घोट्याएवढं पाणी. मी नळ बंद केला. बॅग पलंगावर कोरडी ठणठणीत होती. वहिनींच्या भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला होता. अजून बस मिळणार होती. मी बॅग उचलली आणि वळले तर सासूबाई खराटा घेऊन पाणी लोटत होत्या, माझ्याकडे न बघता.

"का केलंत असं?" मी ओरडलेच.

त्या लोटतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तू गेलीस की मला घर घावायचं न्हाई."

मला आधी कळलंच नाही.

"समद्या बिल्डिंगा येकसारख्या. तू संगं आसतीस म्हून येते मी. गेल्या म्हयन्यात तू शाळंत व्हतीस तवा येकटी खाली उतरले. येताना भलत्याच जिन्यानं वर ग्येले, कडी वाजिवली. त्या बाईनं दार उघाडलं, माज्याकडं बघितलं, आन् आतनं शिळी चपाती आणून हातावर ठिवली." खराटा थांबला. "म्या घितली. काय सांगणार व्हते तिला? माजंच घर मला म्हाईत न्हाई म्हून?"

गावाकडे चाळीस एकरांत डोळे मिटून फिरणारी बाई ती. मला तिची दया आली असं लिहायला बरं वाटेल, पण तसं नव्हतं. मला संताप आला होता. मला आधी सांगितलं असतं तर! माझ्या हातात बॅग होती, दार उघडं होतं, आणि माझे पाय निघेनात. पंधरा दिवस ही बाई त्या दोन खोल्यांत कोंडून बसेल, किंवा कुणाच्या तरी दारात हात पुढे करून उभी राहील. मी बॅग पुन्हा पलंगावर ठेवली आणि दुसरा खराटा घेतला. पाणी काढून झालं तेव्हा तीन वाजून गेले होते.

सोमवारी बालवाडी सुटल्यावर मी त्यांना घेऊन खाली उतरले. इमारतीवर रंगवलेला आकडा दाखवला, पाटीवर गिरवून घेतला. मग जिना, मग मजला. मंगळवारी मी वीस पावलं मागे राहिले. बुधवारी कोपऱ्यावर उभी राहिले. त्याच दिवशी बाईंनी सांगितलं की पुढचं नाव पुण्यात हजर झालं.

गुरुवारी सासूबाई एकट्या गेल्या आणि मेथीची जुडी घेऊन एकट्या परत आल्या. शिकायला चार दिवस लागले. तीन वर्षं मी त्यांच्यासोबत खाली-वर करत होते आणि एकट्यानं घर सापडतं का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"आले बग," दारात उभं राहून त्या म्हणाल्या. इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी जुडी हातातून घेतली आणि निवडायला बसले. मला रडू येत होतं. ते कौतुकाचं नव्हतं, हे त्यांनाही कळलं असावं, कारण त्या बराच वेळ आत आल्या नाहीत.