शंभर टक्के हजर

माझी मुलगी प्रज्ञा अकरावीत शंभर टक्के हजर होती, आणि तिचं कॉलेज नेमकं कुठे आहे हे आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे यात कोणाला काही विनोदी वाटत नाही. मुलीला डॉक्टर करायचं ठरलं की तिला भंडाऱ्याच्या क्लासमध्ये टाकायचं. मग क्लासवाले कुठल्याशा आडगावच्या ज्युनिअर कॉलेजात तिचं नाव घालून देतात. तिथे जायचं नसतं, फक्त असायचं. प्रज्ञाला इथेच, वरठीतल्या मैत्रिणींबरोबर शिकायचं होतं, खो-खो खेळायचा होता. मी नाही म्हटलं. मी मुळात कमी बोलणारा माणूस. पण नाही म्हणायला फार बोलावं लागत नाही.

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण माझ्या धाकट्या भावाची मुलगी मैत्री कॅनडात शिकते, आणि तिला शाळेतून प्रकल्प मिळाला: वेगवेगळ्या देशांतलं हायस्कूल. भारतासाठी तिने प्रज्ञाला धरलं. व्हिडिओ कॉलवर आधी स्वतःचं सांगितलं. तिकडे दर तासाला मुलंच वर्ग बदलतात, प्रत्येकाला कुलपाचं कपाट, आणि नाटक हा चक्क विषय (त्याला मार्कसुद्धा!). मग म्हणाली, "दीदी, आता तुझं सांग. डबा कुठे खातेस? आवडते सर कोण? आणि वर्गातला एक फोटो पाठव."

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, खरं सांगू का?"

"फोटो पाठवतो म्हणावं," मी म्हणालो.

कॉल संपल्यावर बायकोने, रंजनाने, विचारलं, "कायचा फोटो पाठवून राहिले तुम्ही?"

"कॉलेजचा."

"कोणत्या?"

प्रश्न बरोबर होता. मी क्लासवाल्यांना फोन केला. त्यांनी साकोलीच्या पुढचं एक गाव सांगितलं (नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांनी माझं काही वाईट केलेलं नाही) आणि घाबरून विचारलं, "सर, काही तक्रार आहे का?" कॉलेजात जायचं म्हणणारा पालक त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

आता गणवेश. तिथला कसा असतो, कोणाला माहीत? दहावीचा निळा काढला. मधल्या काळात प्रज्ञा वाढली होती, गणवेश तेवढाच राहिला होता. "बाबा, हसतील सगळे," ती म्हणाली. मी मोटरसायकल सुरू केली.

गेटवर शिपाई बसला होता. "कोणाले भेटाचं हाय?"

"कोणाला नाही. ही इथलीच विद्यार्थिनी."

त्याने प्रज्ञाला वरून खाली पाहिलं. "इथली? बारा वर्सं झाले भाऊ, घंटा वाजवून राहिलो. माह्या कॉलेजात निळा कोणी घालत नाही. इथं हिरवा हाय."

तेवढ्यात अकरावीचे सर धावत आले. "साहेब, कोणत्या ऑफिसातून आले?" मी फक्त बाप आहे हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. लगेच रजिस्टर उघडलं. "प्रज्ञाची हजेरी एकदम बढिया आहे. हे पाहा, आजचीही लागली."

आम्ही नुकतेच गेटातून आत आलो होतो.

वर्गाच्या यादीत नावं ऐंशी होती आणि बाकांवर मुलं अकरा. ही अकरा मुलं शेतात धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला गेली की त्यांची गैरहजेरी लागे. न येणाऱ्यांची कधीच नाही. मी विचारलं तर सर म्हणाले, "जे येतात त्यांचं खरं लिहावं लागते ना."

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी सरकली. तिचं नाव वैशाली. "प्रज्ञा म्हणजे तूच काय? वर्षभर तुह्यं 'हजर' मीच म्हणून राहिली. सगळ्यांनी नावं वाटून घेतली ना, माह्याकडे तुह्यासकट सहा हायेत. आजचंही म्हणून टाकलं. येऊन राहिली हे सांगाचं तरी होतं!"

मी फोटो काढला. काम झालं होतं. पण घंटा झाली, जेवणाची सुट्टी. वैशालीने प्रज्ञाला मोहाच्या झाडाखाली नेलं, डब्यातली लाखोरीची भाजी अर्धी दिली, आणि मग सगळी मुलं मैदानात उतरली. रोज अकरांचे दोन सारखे गट होत नसत. आज बारांचे झाले.

मी मोटरसायकलपाशी उभा होतो. कोणाची मुलगी एवढी हसते आहे म्हणून वळून पाहिलं, तर माझी. आखूड गणवेश, हातात चप्पल, वैशालीला खो देत होती. हे हसणं मी वर्षभर ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नाही हेही मला तिथेच कळलं.

ती धापा टाकत आली. "बाबा, मी उद्या येऊ का?"

"उद्या फिजिक्सची टेस्ट आहे."

"मग आजच्या दिवस थांबते. सुट्टीनंतर मराठीचा तास आहे. सर कविता म्हणतात म्हणे, चालीवर."

"आणि रिव्हिजन कधी करशील?"

तिने चप्पल घातली आणि मागे बसली. वरठी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मीही बोललो नाही. पण माझं कोणाच्या लक्षात येत नाही.

पुढच्या कॉलवर प्रज्ञाने मैत्रीला सगळं खरं सांगितलं: क्लास, नाव, वैशालीचं "हजर", खो-खो. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. एकच पान, तासभर. मध्ये येऊन थांबवावं असं दोनदा वाटलं. तिसऱ्यांदा वाटलं की "खरं सांगू का" असं तिने विचारलं तेव्हाच मी तिला हो म्हणायला हवं होतं.

महिन्याभराने मैत्रीने पूर्ण केलेला तक्ता पाठवला. दोन रकाने, कॅनडा आणि भारत. खाली शेवटची ओळ: वर्षात किती दिवस शाळेत जातात? कॅनडापुढे लिहिलं होतं, शनिवार, रविवार आणि सुट्ट्या सोडून रोज. भारतापुढे, एक दिवस.

मी रंजनाला म्हणालो, "चुकलं आहे हे."

"काय चुकलं?"

"एक नाही. अर्धा. जेवणाच्या सुट्टीतच घेऊन आलो ना मी तिला."

"मग सांगा ना तिले फोन करून. मले काहून सांगता?"

मी फोन केला. मैत्रीने लगेच खोडून 'अर्धा' लिहिलं आणि म्हणाली, "थँक्यू मोठेबाबा, बरं झालं खरं सांगितलं." मुलीच्या हजेरीत मी प्रामाणिकपणे केलेली ही एकमेव दुरुस्ती, आणि तीसुद्धा कमी करण्याची.