दुसऱ्या विमानाचा मुहूर्त

ताई दर दिवाळीत एकच प्रश्न विचारायची, "काहून रे, दुसरं विमान केव्हा सुरू करून राहिला?" आणि मी दर दिवाळीत नवं कारण पुढे करायचो. लाकूड वाळू दे. फॅक्टरीत ओव्हरटाइम आहे. एकाहत्तरची लढाई लागली तेव्हा मला चक्क बरं वाटलं, हे सांगायला लाज वाटते. पण याहून भक्कम कारण मला कुठे मिळणार होतं?

पहिलं विमान मी आणि भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, गोहलपुरातल्या आमच्या अंगणात बांधलं होतं. दोघंही लष्कराचा माल बनवणाऱ्या एकाच फॅक्टरीत. मी फिटर, ते तपासनीस. मोडक्या खोक्यांच्या फळ्या, मोटारसायकलचं इंजिन, पंखांवर मांजरपाट. तो ताईनं शिवला. शेजारी विचारायचे, "भैया, इससे दिल्ली जाओगे?" भाऊजी म्हणायचे, "पहले सिहोरा तो पहुँचने दो."

हौस घरची असली तरी शिस्त फॅक्टरीची होती. जो बनवतो त्यानं तपासायचं नाही. मी बोल्ट बसवायचा, भाऊजींनी पाहायचा आणि पसंत पडला की त्याच्या डोक्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. तपासलेला बोल्ट कुणी पुन्हा उघडला, तर त्यानं आधी ठिपका खरवडून टाकायचा. ठिपका आहे म्हणजे पाहिलेलं आहे. तिथे परत कुणी डोकं घालत नाही.

पासष्टची लढाई थांबली तरी डबल शिफ्ट चालूच होती. भाऊजींना कशीबशी एक सुट्टी मिळाली आणि सिहोऱ्याजवळच्या माळावर उडवायचं ठरलं. आदल्या दुपारी डाव्या पंखाच्या टेकूतला वॉशर मला पातळ वाटला. बोल्ट उघडला, वॉशर बदलला, मागून नट कसला. ठिपका मात्र खरवडला नाही. खरवडला असता तर भाऊजींना पुन्हा तपासावं लागलं असतं, ते शिफ्टवर, आणि पुढची सुट्टी कधी मिळणार कुणास ठाऊक. एवढ्याशासाठी कशाला, म्हटलं. या घाईत नट सुटू नये म्हणून आरपार घालायची पिन राहून गेली.

सकाळी भाऊजींनी विमानाला फेरी मारली. प्रत्येक ठिपक्यावर बोट टेकवत गेले, त्याही ठिपक्यावर टेकवलं. मी शेजारी उभा होतो आणि मला काहीच आठवलं नाही. मग ते एकटेच आत बसले. विमान दोन पुरुष उंच गेलं असेल. मग डावा पंख वर दुमडला. भाऊजी तिथेच गेले.

लोक म्हणाले, वारा. ताईही म्हणाली, वारा. मी मान डोलावली. पिन मला संध्याकाळी शर्टाच्या खिशात सापडली.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण तेव्हापासून कुठलाही नट कसला, अगदी सायकलचा जरी, की मागून एक बोट पुढे येतं, टेकतं आणि निघून जातं. फॅक्टरीत मशीनच्या गोंगाटात येतं, घरी ताई समोर बसलेली असताना येतं. मला भीती वाटते. मागे वळून पाहायची माझी अजून छाती झालेली नाही.

लढाई संपली. संक्रांतीला ताई तिळगूळ घेऊन आली. "चलो, आता तर लढाईपण संपली. कर सुरू. या वेळी मी बसते. तुझ्या हातचं आहे, मला काहून भीती?"

तेव्हा मी सांगितलं. वॉशर, ठिपका, पिन, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बसायच्या आधी त्यांनी तुला विचारलं होतं का रे, काही उघडलं का म्हणून?"

"विचारलं होतं," मी म्हणालो.

मी काय उत्तर दिलं होतं, ते तिनं विचारलं नाही. पदरानं तिळगुळाचा डबा पुसला आणि घरी गेली.

ती अजून येते, ओवाळते, जेवते. विमानाचं नाव काढत नाही. जो प्रश्न मी सहा वर्षं चुकवत आलो, त्याची आता दर दिवाळीत वाट पाहतो. गेल्या भाऊबीजेला न राहवून मीच विचारलं, "ताई, सुरू करू का?"

"तुझं तू पाहून घे," ती म्हणाली आणि मला आणखी एक पोळी वाढली.