शालूबाई जावयाची गाडी बघतात

डोणगावच्या फाट्यावर शालूबाईंचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याची टपरी, बाहेर टांगलेले चार टायर आणि हवेचा पंप. पाटी अजून नवऱ्याच्या नावाची, ‘निवृत्ती ऑटो’. निवृत्ती जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हा दिरांनी समजूत घातली होती, की बाईमाणसानं रस्त्यावर बसून पाने फिरवणं काही बरं दिसत नाही. शालूबाई म्हणाल्या, "मंग पाहू नका." आणि दुसऱ्या दिवशी टपरी उघडली.

कुणाला जुनी मोटरसायकल घ्यायची असली, की आजूबाजूच्या गावांतली माणसं आधी शालूबाईंना घेऊन जातात. त्या गाडीला हात लावतात, कान लावतात, आणि "घे" नाहीतर "सोड" एवढंच सांगतात. मधलं काही नाही. गोड बोलणं त्यांना जमत नाही, आणि जमवून घ्यायची इच्छाही नाही. त्याला कारण आहे. निवृत्तीनं एकदा मित्राच्या भिडेखातर एक गाडी चांगली म्हणून सांगितली होती. तिच्या चेसीला, म्हणजे सांगाड्याला, जोड दिलेला त्याला दिसला होता, तरी तो गप्प बसला. दोन महिन्यांत ती गाडी घाटात हँडलाखालीच मोडली आणि घेणाऱ्याचा गुडघ्याखालचा पाय गेला. त्यानंतर निवृत्ती मरेपर्यंत नीट झोपला नाही. त्याच्या शेजारी शालूबाईही जाग्या असायच्या, त्यामुळे भीड हा शब्द काढला तरी त्यांचं डोकं फिरतं.

अशा या शालूबाईंकडे गोकुळ आला. गोकुळ गावोगाव फिरून गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो, तेही सायकलवर. चाळिशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले. त्यानं मोबाइलवर एका काळ्या गाडीचा फोटो दाखवला. "काकू, चिखलीले हाये. येसान का पाह्याले?"

फोटोतलं सिमेंटचं अंगण शालूबाईंनी लगेच ओळखलं. त्यांची एकुलती एक लेक सारिका रोज तेच अंगण झाडते. जुन्या गाड्यांचा धंदा करणारा हर्षल म्हणजे त्यांचा जावई.

आता जावई म्हणजे काय चीज असते, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सासूनं त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही. तो सासूवर रुसला तर भोगायचं लेकीनं. शालूबाईंना अंग दुखण्याचं निमित्त सांगता आलं असतं. गोकुळ बिचारा मान डोलावून गेला असता. पण मग तो एकटाच चिखलीला गेला असता आणि गोड बोलण्यावर भाळून ती गाडी घेऊन आला असता.

"उद्या सकाळच्यानं जाऊ," शालूबाई म्हणाल्या.

सासूबाईंना पाहून हर्षलचा चेहरा खुलला. "घ्या! घरचंच माणूस आलं. मामी, तुम्हीच सांगा याले, गाडी कशी हाये ते." मग जरा जवळ येऊन हळू आवाजात, "दोन शब्द चांगले बोला. सारिका बी सुखात राह्यते मंग."

हे तो हसत हसत बोलला. पण धमकी हसत दिली म्हणून ती काही गोड होत नाही. शालूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी पदर आणखी पुढे ओढला आणि गोकुळकडे वळून म्हणाल्या, "जवाईबुवाले म्हण, गाडी उनात घ्या."

हर्षल दोन हातांच्या अंतरावरच उभा होता. गोकुळनं गोंधळून निरोप पोचवला. गाडी उन्हात आली. शालूबाईंनी इंजिनवर तळहात ठेवला.

"जवाईबुवाले इचार, इंजिन गरम काऊन हाये?"

"आत्ताच चक्कर मारून आलो," हर्षल म्हणाला.

"मंग थंडं होऊ दे."

आणि त्या पायरीवर बसल्या. चांगला तासभर बसल्या. थंड इंजिन खरं बोलतं, तापलेलं इंजिन मालकाची बाजू घेतं, असा त्यांचा अनुभव. तासाभरानं गोकुळनं किक मारली, तर गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. धूर नाही, खडखड नाही. ब्रेक चांगले, क्लच चांगला. हर्षल मिशीत हसला. शालूबाईंनाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. लेकीच्या घरची गाडी चांगली निघावी असं कोणत्या आईला वाटणार नाही?

पण टाकीखाली, हँडलाच्या मुळाशी, बोटभर जागेवर रंग नवा होता. बाकी सगळी चेसी जुनाट आणि तेवढीच जागा नवरीसारखी नटलेली. शालूबाईंनी मागच्या चाकाशी बसून चेन ताणायच्या पट्ट्यांवरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा पाहिल्या. सारख्या होत्या. म्हणजे चाक सरळ बसलेलं होतं. त्या उठल्या आणि दारात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहून म्हणाल्या, "सारिका, बादलीभर पानी आन."

"पानी कायले? धुयेल हाये गाडी," हर्षल घाईनं बोलला.

पाणी कशाला, हे टपरीवर लहानाची मोठी झालेल्या सारिकाला सांगायची गरज नव्हती. ओल्या जागेतून गाडी सरळ नेली, की पुढे कोरड्या सिमेंटवर दोन्ही चाकांचा मिळून एकच माग उमटायला हवा. चेसी वाकलेली असली तर दोन उमटतात. सारिकानं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवून नको म्हटलं. ती आत गेली.

शालूबाई दाराकडे पाहत राहिल्या. नाही येणार ती, शालूबाईंच्या मनात आलं, आणि न आलेलंच बरं. संसार तिला करायचाय. आपण सांजच्या गाडीनं निघून जाऊ, इथं राहायचंय तिला. त्यांना लेकीची दया आली आणि स्वतःचा राग आला.

तेवढ्यात सारिका बाहेर आली. एक सोडून दोन बादल्या भरून आणल्या होत्या. तिनं स्वतःच्या हातानं अंगणात पाणी ओतलं.

गोकुळनं गाडी नेली. माग दोन उमटले.

"त्याले गाडी सरळ धरता येत नाही," हर्षल म्हणाला.

मग शालूबाईंनी डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला. हो, जावयासमोर. गाडीवर टांग टाकली आणि पाण्यातून फाटकापर्यंत सरळ सुतात नेली. मागे वळून पाहिलं. सिमेंटवर दोन ओल्या रेघा, एकमेकींपासून दोन बोटं दूर, पार फाटकापर्यंत.

"हर्षल," त्या सरळ नाव घेऊन म्हणाल्या, "गाडी आधीच कुठी पडेल हाये. चेसी वाकेल हाये अन् वरून रंग मारेल हाये. तुम्हाले मालूम व्हतं. गोकुळ, सोड."

हर्षलचं तोंड लालबुंद झालं. "गिऱ्हाइकासमोर इज्जत घेतली माही! पुन्हा या दारात पाय ठेवू नका. अन् पोरीले बी घेऊन जा संगं. बसवा तिले टपरीवर!"

याच वाक्याला शालूबाई कालपासून भीत होत्या. घरून निघताना, जीपमध्ये, पायरीवर बसल्या होत्या तेव्हासुद्धा. ते आता अंगणात बोलून झालं होतं.

सारिकानं रिकामी बादली खाली ठेवली.

"मी काऊन जाऊ? म्या काय केलं?" तिचा आवाज चढला नव्हता. "मी कुठीच जात नाही. जायाचं असंन त हे गाडी जाईन, भंगारात. अन् आई, तू बी आज जाऊ नको. मुक्कामाले राह्य."

ती दारातून बाजूला झाली. शालूबाईंनी पायातल्या चपला काढल्या, हर्षलच्या अगदी शेजारून गेल्या आणि आत जाऊन बसल्या.