येळवशीचा अंदाज

माझं पोट अंदाजावर भरतं. पुण्यातल्या एका नगररचनेच्या कार्यालयात गेली बावीस-तेवीस वर्षं मी काम करते. शहर पुढच्या वीस-तीस वर्षांत कुठं वाढेल, किती वाढेल, शाळा कुठं लागतील, पाणी कुठून आणावं लागेल, हे कागदावर मांडून द्यायचं. माणसं राहतील तिथं नकाशावर पिवळा रंग आणि शेती राहील तिथं हिरवा. दर आराखड्यात पिवळा पसरतो नि हिरवा मागं सरतो. उलटं झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

नातेवाइकांना वाटतं मी ज्योतिष सांगते. कुणाच्याही लग्नात जेवायला बसले की कोणीतरी शेजारी सरकून हळूच विचारतंच, "पुण्यात कुठं घ्यावं आता?" तळहात पुढं करायचे तेवढे बाकी ठेवतात. पूर्वी मला त्याची मजा वाटायची. खोटं कशाला बोलू, गर्वच वाटायचा.

ह्या धंद्याची गोडी मला भूकंपानं लावली, हे ऐकायला विचित्र वाटेल. आमचं गाव लोहारा तालुक्यात, माकणीच्या धरणाच्या अलीकडं. भूकंपात ते पडलं तेव्हा मी शाळेत होते. आई-वडील माळवदाच्या दगडमातीच्या छताखाली गेले. थोरल्या भावाला दुपारपर्यंत दगडमातीतून काढलं. मला कशी कोण जाणे, नुसतं खरचटलं. पुढं दादांनीच मला वाढवलं, शिकवलं आणि गावात कोणाची मुलगी पुण्याला गेली नव्हती तेव्हा पुण्याला धाडलं.

नवं गाव दीड कोसावरच्या माळावर मांडायचं ठरलं. साहेब लोक आले, जमिनीवर चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या आणि सांगू लागले, इथं शाळा, इथं बाजार, इथं बाग, अन् पंचवीस वर्षांनी गाव एवढं मोठं होईल म्हणून रस्ते रुंद. मी तोंडाचा आ करून बघत होते. काहीच नसलेल्या माळावर पुढची पंचवीस वर्षं दिसत होती! दादांनी मात्र एवढंच विचारलं, "कडबा कुटं रचायचा? जनावर कुटं बांधायचं?" मला त्यांचा असा राग आला की विचारू नका. एवढे मोठे साहेब आले आहेत आणि ह्यांचं आपलं कडबा नि जनावर. आज त्या बागेच्या जागेवर कडब्याच्या गंजी आहेत आणि रुंद रस्त्यांवर म्हशी रवंथ करत बसतात. गाडी काढायची तर आधी म्हैस उठवावी लागते.

आमच्या घरात अंदाज बांधणारी खरं तर मी दुसरी. पहिली माझी वहिनी, दादांची बायको. तिचा अंदाज वर्षातून एकदाच लागतो, येळवशीला.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं येळवस म्हणतात. पुस्तकात तिला वेळ अमावस्या लिहितात. त्या दिवशी गावं ओस पडतात, बाजार बंद राहतो आणि सगळी माणसं शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवण. शेंगा, हरभरा, तूर, वाटाणा, सगळं एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली ताकाची आंबील. बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून बसवायचं. ज्याला शेत नाही, त्यानं ज्याच्या शेतात वाटेल तिथं जेवावं. पुण्या-मुंबईला गेलेली माणसं दिवाळीला येवोत न येवोत, येळवशीला येतातच.

एकदा आमच्या ओळखीच्या, पण ह्या भागाबाहेरच्या एका सल्लागारानं इकडच्याच एका तालुक्याच्या गावी रस्त्यावरची वाहनं मोजली, नेमकी येळवशीच्या दिवशी. अहवालात लिहिलं, रहदारी नगण्य, रस्ता रुंद करण्याची गरज नाही. तो कागद आमच्या टेबलावर आला तेव्हा मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. मोजलं बरोबर, पण त्या दिवशी माणसं कुठं असतात हे कोणालाच विचारलं नव्हतं.

तर वहिनीचा अंदाज. येळवशीला आमच्या शेतात किती माणसं जेवतील, हे ती चार दिवस आधी ठरवते आणि तेवढंच रांधते. कधी चाळीस, कधी सत्तर. संध्याकाळी मडक्यात आंबील उरत नाही आणि कोणी उपाशी जात नाही. मी तिला चिडवायचे, "वहिनी, आमच्या कार्यालयात या, तुम्हाला खुर्ची देते." ती म्हणायची, "तुमचं शहर बसून वाढतंय वन्स, माझी माणसं चालून येत्यात. दोन्हीचा मेळ न्हाय."

आता मूळ गोष्ट. पंधरा वर्षांपूर्वी दादांची दोन्ही मुलं पुण्याकडच्या कारखान्यांत लागली. त्यांना फ्लॅट घ्यायचा होता आणि त्यासाठी शेत विकावं असं त्यांचं म्हणणं. आमचं शेत सात एकर. वरचे चार एकर विहिरीचे, कडेला मोठी चिंच, तिच्याच सावलीत दरवर्षी आमची खोप. खालचे तीन एकर कोरडवाहू. दादा निर्णय घेईनात. त्या येळवशीला जेवणं झाल्यावर त्यांनी मला चिंचेखाली बोलावलं आणि म्हणाले, "पोरं म्हणत्यात इका. म्या म्हणलं, बाई सांगंल. तू नकाशे काढतीस. सांग, फुडं काय व्हणार हाय?"

आणि मी सांगितलं. बापरे, किती सांगितलं! काडी घेऊन मातीत नकाशाच काढला. पुणं हे असं पूर्वेला सरकणार, त्याच्या कडेच्या ह्या गावावर वीस वर्षांत पिवळा रंग येणार, आत्ता घेतलं तर स्वस्तात मिळेल. इकडची गावं रिकामी होत जाणार; आमच्या तक्त्यात शहरात येणाऱ्या माणसांचा रकाना आहे, त्यात तुमच्यासारखेच सगळे आहेत. पोरं तिकडं, नातवंडं तिकडं, म्हणजे आज ना उद्या तुम्ही दोघंही तिकडंच. मग हे कोणासाठी ठेवायचं? दादा रेघांकडं बघत राहिले. साहेबांच्या फक्कीच्या रेघांकडं मी बघत होते तसेच. त्यांनी कडब्याचं, जनावराचं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर फार बरं झालं असतं. पण आता मी शिकलेली होते आणि त्यांचा माझ्यावर विश्वास होता. दोन महिन्यांत वरचे चार एकर गेले, विहीर गेली, चिंच गेली.

माझा अंदाज चुकला का? मुळीच नाही. पूर्वेचं ते गाव वीस वर्षांऐवजी नऊ वर्षांतच भरलं. उसाच्या फडांच्या जागी बारा-बारा मजले उभे राहिले, बाजार आला, टँकर आले, सगळं मी काढलेल्या हद्दीच्या आत. कार्यालयात त्या आराखड्याचा दाखला अजून देतात. पुतण्यांचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, चांगला ऐसपैस. एक खोली दादा-वहिनींची म्हणून मुद्दाम ठेवलेली.

फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर दादा तिथं राहायला आले आणि मला फोन आला तो तिसऱ्या दिवशी, पुतण्याचा. पोरं दादांना आण्णा म्हणतात. "आत्या, आण्णा वर झोपंनात. खाली गाड्या लावायच्या जागेच्या म्होरं, उघड्यावर बाज टाकलीय. लोक बघायलेत."

फोन हातात धरून मी तशीच बसले. मला हे माहीत होतं. नवीन गावात सरकारनं पक्कं घर दिलं, त्यावर स्लॅब आहे. भूकंपापासून दादा त्या स्लॅबखाली एकदाही झोपलेले नाहीत. घराला लागून पत्र्याचं शेड काढलं आहे, पावसात तिथं, एरवी अंगणात. मी त्याच घरात वाढले, रोज त्यांचं अंथरूण मीच शेडमध्ये घालत असे. लाखो माणसं कुठं राहायला जातील ते मी मांडलं, आणि माझा सख्खा भाऊ झोपेल कुठं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. शरम वाटली. आजही वाटते.

नवव्या दिवशी दादा एस.टी.नं गावी परत गेले. मला काही बोलले नाहीत. वरचे चार एकर गेल्यापासून आमची खोप खालच्या तीन एकरांत असते. तिथं झाड नाही. दुपारी सावली खोपीएवढीच. विकत घेणाऱ्यानं वर ऊस लावला आहे आणि भोवती तारेचं कुंपण घातलं आहे. चिंच कुंपणाच्या आत दिसते.

यंदाच्या येळवशीला मी एक दिवस आधीच गेले. वहिनी भज्जीसाठी शेंगा सोलत होती. मी विचारलं, "किती?" ती म्हणाली, "साठाच्या वर." मी म्हटलं, "वहिनी, गावात आता आहेत तरी किती? अर्धी घरं कुलपात. यंदा तुमचा अंदाज चुकणार." ती नुसती हसली.

चौसष्ट माणसं जेवली. मी मोजली. पुण्याहून आलेल्या गाड्या बांधापर्यंत लागल्या होत्या. कुलपातल्या घरांतली माणसं होती, त्यांची सुना-मुलं होती आणि वरचा ऊसवाला कुंपणाचं फाटक उघडून आपल्या बायकोला घेऊन खाली जेवायला आला होता. मडकं पालथं घालताना मी वहिनीला विचारलं, "खरं सांगा, कसं कळतं तुम्हाला?"

"त्यात काय कळायचंय वन्स?" ती म्हणाली. "म्या दारोदार जाऊन इचारते, येणार का. जी पुण्याला हायत त्येंला फोन लावते. व्हय म्हणलं की धरते, न्हाय म्हणलं की सोडते. इचारल्याबिगर कसं कळंल?"

एवढंच. मी जवळजवळ दोन तपं ज्या गोष्टीचे तक्ते भरले, त्यातला कोणताही रकाना कोणाच्या दारात जाऊन भरलेला नव्हता. आमच्याकडं येणाऱ्यांचा रकाना आहे. दरवर्षी परत येणाऱ्यांचा नाही.

जेवणं उरकल्यावर दादांनी मला बाजूला बोलावलं, तेव्हाच मला कळलं की काय विचारणार. दोन्ही पुतणे खोपीजवळ बसले होते आणि मुद्दाम दुसरीकडं बघत होते. धाकट्यालाही आता वेगळा फ्लॅट हवा होता. त्यात त्याचं चुकलं म्हणत नाही. एका घरात दोन संसार होत नाहीत. दादा आता सत्तरीकडं झुकलेत. बांधावर टेकून ते म्हणाले, "हे तीन एकर ऱ्हायल्यात. पोरं म्हणत्यात इका. गाव ऱ्हातंय का न्हाय, तुझा नकाशा काय म्हणतो?"

नकाशा काय म्हणतो ते मला तोंडपाठ होतं. तिथं काडीही पडलेली होती. मी ती उचलली नाही.

"मला नाही ठाऊक, दादा," मी म्हटलं.

पंचवीस-तीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन. त्यांनी माझ्याकडं जरा रोखून बघितलं.

"तुम्ही सांगा," मी म्हटलं. "तुम्हाला झोप कुठं लागते?"

दादांनी हातानं जमीन दाखवली, तीन एकर ज्वारी, खोप, पलीकडं गावातलं पत्र्याचं शेड, सगळंच एका हातवाऱ्यात. "हितं," ते म्हणाले. "दुसरीकडं कुटं लागती?"

"मग झालं."

"व्हय," दादा म्हणाले. आवाज चढला नव्हता, रागही नव्हता. वर कुंपणातल्या चिंचेकडं बघत ते म्हणाले, "हे इचारायला तुला पंदरा वर्सं लागली, बाई."

डोळे भरून आले ते मी पदरानं पुसले, आणि त्यांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं. मग ते उठले, धोतर झटकलं आणि खोपीकडं तोंड करून मुलांना मोठ्यानं सांगितलं, "आत्या म्हणती, न्हाय इकायचं!"

मी तसं म्हटलं नव्हतं. पण मागच्या वेळी चार एकर माझ्या शब्दावर गेले होते. यावेळी माझं नाव पुढं करून तीन एकर राहत असतील तर राहू देत, म्हणून मी गप्प बसले.