वजनमावशीची वही

विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राला दोन दारं होती. पुढच्या दाराने ताप यायचा, खोकला यायचा, खेळताना मुरगळलेले पाय यायचे. मागच्या दाराने जे यायचं त्याला नाव नव्हतं. ते मागच्या व्हरांड्यात ठेवलेल्या वजनकाट्यापाशी येऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "मावशी, वजन करायचंय."

काटा जुना होता. खांद्याइतका उंच, लोखंडी, पायाखाली खरबरीत पत्रा आणि वर आडवी दांडी. दांडीवरून पितळेचा ठोकळा बोटाने सरकवायचा. थोडा पुढे गेला की दांडी खाली झुकायची, थोडा मागे आला की वर उठायची, आणि मधे कुठेतरी ती पाण्यावरच्या पानासारखी डुलत राहायची. ती स्थिर होईपर्यंत माणसाने हलायचं नाही. मावशी दांडीकडे बघायची, काट्यावरचं पोर समोरच्या भिंतीकडे बघायचं. कुणीच कुणाच्या डोळ्यांत बघत नसायचं. आणि डोळ्यांत बघायचं नसलं की माणूस खरं बोलतो, हे मावशीला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

"किती झालं?" पोर विचारायचं.

"थांब गं, दांडी डुलतेय अजून," मावशी म्हणायची. दांडी केव्हाच थांबलेली असायची.

सतरा वर्षांपूर्वी ती ह्या केंद्रात झाडू घेऊन आली. नवरा विद्यापीठाच्या बागेत माळी होता. फांद्या छाटताना शिडीवरून पडला आणि महिन्याभरात गेला. त्याच्या जागी तिला घेणार होते, तेव्हा तिने साहेबांना तोंडावर सांगितलं, "बागेत नको. झाडांशी माझं भांडण आहे." म्हणून ती केंद्रात आली. लादी पुसता पुसता जखम धुवायला शिकली, पट्टी बांधायला शिकली. दोन वर्षांनी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि पट्ट्यांचा ट्रे दिला. त्या दिवशी ती घरी ताठ चालत गेली. लेकीला म्हणाली, "आजपासून तुझी आई डॉक्टरच्या खालोखाल." औषधं देणारा कंपाउंडर हे ऐकून आठवडाभर तिला वाकून नमस्कार करत होता.

शाळा चौथीपर्यंतच झालेली. आकडे तिला पाण्यासारखे यायचे, अक्षरं मात्र दगडासारखी जड. नावं लिहायला वेळ लागे. म्हणून वहीत ती वसतिगृहाच्या खोलीचा नंबर लिहायची, पुढे वजन, आणि त्याच्यापुढे ठिपके. घरची आठवण येत असेल तर एक ठिपका. जेवण जात नसेल, झोप लागत नसेल तर दोन. आणि जिला किंवा ज्याला एकटं सोडायचं नाही, उद्या स्वतः जाऊन विचारायचं, हळूहळू मन वळवून मोठ्या बाईंपुढे नेऊन बसवायचं, त्याला तीन. ठिपक्यांचा अर्थ तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. कंपाउंडरला वाटायचं पेन गळतं.

"नवीन पेन घ्या हो बाई," तो म्हणायचा.

"तुमची पांढरी गोळी सगळ्या रोगांवर चालते, तसं माझं हे पेन सगळ्यांना चालतं," ती म्हणायची.

अकरा वर्षांपूर्वी त्या काट्यावर एक मुलगी उभी राहिली होती. अडतीस किलो. ठोकळा इतका मागे सरकवावा लागला की मावशीला वाटलं काटाच बिघडला. तिने तिचं नाव ठेवलं चिमणी. चिमणीच्या खोलीच्या नंबरापुढे चार महिने तीन तीन ठिपके पडत राहिले. मावशी रोज घरून पितळी डब्यात दूध आणायची, स्वतःच्या लेकीचा स्वेटर तिला दिला, आणि दूध संपेपर्यंत समोर बसून राहायची. लेक रुसली होती. "तुला माझ्यापेक्षा ती जास्त," म्हणाली होती. मावशीने तेही पोटात घातलं.

चिमणी वाचली, वाढली, पदवी घेऊन दूर शिकायला गेली. गेल्या वर्षी ती परत आली ती ह्याच केंद्रात, समुपदेशक म्हणून. पहिल्याच दिवशी मागच्या व्हरांड्यात येऊन मावशीच्या गळ्यात पडली. "मावशी, मी आहे ती तुमच्यामुळे." मावशीने दिवसभर केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, अगदी दाढ दुखणाऱ्यालाही, "ती नवीन मॅडम आहे ना, ती माझी चिमणी."

चिमणीला पुढच्या बाजूला खोली मिळाली. निळे पडदे, दोन मऊ खुर्च्या, दारावर पाटी. पण दारावर पाटी असली की आत जाणाऱ्याला सगळे बघतात. सहा महिन्यांत तिच्याकडे चौघं आले, त्यातला एक चुकून.

"खुर्ची एवढी मऊ आहे की बसलं की झोप लागते," कंपाउंडर म्हणाला. "बोलणार कोण?"

चिमणी हसली नाही. तिची नेमणूक वर्षाची होती. पुढे ठेवायचं की नाही हे वरचे ठरवणार होते, आणि वरच्यांना किती विद्यार्थ्यांपर्यंत पोचलात याचा आकडा हवा होता.

त्याच दिवसांत काट्यावर एकशेबारा येऊ लागली. एकशेबारा म्हणजे एकशे बारा नंबरच्या खोलीतली मुलगी. छत्तीस किलो. तिसऱ्या खेपेला दांडी डुलत असताना ती भिंतीला म्हणाली, "वडिलांनी दोन वर्षांसाठी पाठवलंय. काही कमीजास्त झालं तर त्याच दिवशी परत नेईन, असं सांगून. त्यांना कळलं तर शिक्षण संपलं माझं."

"कोण सांगणार त्यांना?" मावशी म्हणाली. "ह्या कानाचं त्या कानाला कळणार नाही. पण मला एक कबूल कर. मोठ्या बाईंना एकदा भेटायचं."

दोन आठवडे लागले कबूल करायला. मग मुलगी मोठ्या बाईंकडे जाऊ लागली, औषध घेऊ लागली, आणि ठोकळा दांडीवर रोज केसभर पुढे सरकू लागला. छत्तीस, साडेसदतीस, एकोणचाळीस. परीक्षा दीड महिन्यावर आली होती. चाळीस झाले की तुला माझ्या हातचं जेवायला घालीन, असं मावशीने सांगून ठेवलं होतं.

अशात लेकीच्या बाळंतपणाचा निरोप आला. पहिलंच बाळंतपण, लेक दुसऱ्या गावी. मावशीने पंधरा दिवसांची रजा घेतली. पट्ट्या नर्स बघणार होती. पण ठिपके कोण बघणार? वहीत त्या वेळी तेवीस जण होते, त्यातले पाच तीन ठिपक्यांचे. रात्री तिला झोप आली नाही. सकाळी ती वही पदराखाली धरून निळ्या पडद्यांच्या खोलीत गेली.

"चिमणे, हे तुझ्याकडे ठेव. रोज ह्यांना विचारायचं. कसं आहेस, जेवलास का, एवढंच. दारात उभं राहून नाही हं, येता जाता, सहज." आणि तिने प्रत्येक ठिपक्याचा अर्थ सांगितला. सतरा वर्षांत पहिल्यांदा. एकशेबाराच्या वडिलांचंही सांगितलं, कारण काळजी घ्यायची तर नीट घ्यायला हवी. "हे कुणाला दाखवायचं नाही."

"मला सांगताय, मावशी?" चिमणी म्हणाली आणि तिने वही दोन्ही हातांनी घेतली.

नात झाली. मावशी पंधरा दिवसांनी परत आली ती पिशवीत पेढे नाही तरी तोंडभर बातमी घेऊन. केंद्राचं रूप पालटलेलं होतं. भिंतींवर रंगीत फलक, दारात कमान. आरोग्य सप्ताह होऊन गेला होता. पुढच्या दालनात नवीन काटा आला होता. काचेचा. पाय ठेवला की डोळ्याची पापणी लवायच्या आत लाल आकडा.

"नात झाली, कंपाउंडर!"

"अभिनंदन, बाई," तो म्हणाला, पण त्याने वर बघितलं नाही. गोळ्या मोजत राहिला. गोळ्या मोजताना तो कधी गप्प नसायचा.

चार ते सहा ही वजनाची वेळ. मावशी व्हरांड्यात स्टूल घेऊन बसली. चारला कुणी आलं नाही. पाचला दोन मुली कोपऱ्यावरून वळल्या, तिला बघितलं, आणि जिना उतरावा तशा घाईने माघारी गेल्या. सहाला कंपाउंडर बाहेर येऊन तिच्याशेजारी पायरीवर बसला.

"बाई, तुमच्या वहीची यादी झाली," तो म्हणाला. "तेवीस जणांची. खोलीच्या नंबरांवरून नावं काढली वसतिगृहातून. सप्ताहाच्या शेवटी मोठ्या पडद्यावर आलेख दाखवला, एवढे विद्यार्थी आम्ही शोधून काढले म्हणून. टाळ्या पडल्या. मग पाच जणांच्या घरी फोन गेले."

"पाच?" मावशी म्हणाली. "तीन ठिपक्यांचे?"

"मला काय ठाऊक हो. मला वाटायचं पेन गळतं."

ती तशीच वसतिगृहाकडे निघाली. फाटकापाशी एक रिक्षा उभी होती, आणि एक उंच, बारीक माणूस पत्र्याची पेटी आत चढवत होता. त्याने आरडाओरडा केला नाही, मारहाण केली नाही. फक्त पेटी चढवली, गादीची वळकटी चढवली, दोरी आवळली. एकशेबारा बाजूला उभी होती, पुस्तकं छातीशी धरून.

मावशी त्या माणसापुढे गेली. "साहेब, परीक्षा महिन्यावर आहे. पोर सुधारतेय. तीन किलो वाढलंय."

"तुम्ही कोण?"

"मी वजन करते."

"मग तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं," तो म्हणाला. "आणि मला परक्या बाईचा फोन यावा लागला." त्याचा आवाज चिरका झाला होता. बापाची भीती आणि बापाचा राग एकाच गळ्यातून निघत होते.

मुलगी मावशीकडे बघत होती. पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत.

"तुम्ही सांगितलंत?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण ते खोटं झालं असतं. सांगितलं तर होतंच.

"हो," मावशी म्हणाली. पुढचं बोलायला तोंड उघडेपर्यंत मुलगी रिक्षात बसली होती. पुस्तकं मांडीवर, तोंड दुसरीकडे. वहीतलं शेवटचं वजन एकोणचाळीस किलो.

दुसऱ्या दिवशी मावशीने निळ्या पडद्यांच्या खोलीचं दार वाजवलं नाही, सरळ आत गेली. चिमणी कागद लावत होती. उठून उभी राहिली.

"मावशी, नातीचं कळलं. बसा ना."

"बसायला नाही आले."

"तुम्ही रागावला असाल. पण ऐका. घरच्यांना कळवणं म्हणजे काही पाप नाही. त्या मुलीला काही झालं असतं तर? कुणाला जबाबदार धरलं असतं? मला फॉर्म भरायचा होता, वरून तीनदा विचारणा झाली. मी तुमचं नाव घालणार आहे अहवालात. आभार मानणार आहेत तुमचे, स्टेजवर."

"तिला विचारलंस? फोन करण्याआधी?"

चिमणी हातातले कागद पुन्हा सरळ करू लागली.

"मोठ्या बाईंना विचारलंस? त्या औषध देत होत्या तिला."

"वेळ नव्हता, मावशी. सप्ताह संपत होता."

मावशीने खोलीभर नजर फिरवली. मऊ खुर्च्या, पडदे, टेबलावर कागदी रुमालांचा खोका, त्यातला वरचा रुमाल अजून कुणी न ओढलेला.

"नेमणूक वाढली?" तिने विचारलं.

"तीन वर्षं," चिमणी म्हणाली.

"अकरा वर्षांपूर्वी तू काट्यावर रडत म्हणाली होतीस, माझ्या आईला कळवू नका. मी कळवलं नाही. विसाव्या दिवशी तू आपणहून तिला फोन केलास, माझ्याच बाकावर बसून. आठवतं? मी कळवलं असतं तर मलाही कुणी बक्षीस दिलं असतं गं. झाडू सुटून तेव्हा चारच वर्षं झाली होती ना मला?" तिचा आवाज वर चढला नाही. "केसाने गळा कापलास, चिमणे. माझा कापला असतास तर चाललं असतं. म्हातारी मान आहे, शिवली असती. तिचा कशाला?"

"मावशी, मी चांगल्यासाठीच..."

"वही दे."

चिमणीने खणातून वही काढून दिली. पानांच्या कडांना रंगीत चिठ्ठ्या लावल्या होत्या. मावशीने त्या एकेक काढून टेबलावर ठेवल्या. मग पदराखालून दुसरी वही काढली, फार जुनी, कव्हर गेलेली. तिच्यातली चार पानं तिने आधीच सोडवून आणली होती. अडतीस, अडतीस, साडेअडतीस, एकोणचाळीस. प्रत्येकापुढे तीन ठिपके.

"ही तुझी," ती म्हणाली. "माझ्याकडे नकोत आता. कुणाला दाखवायची ते तू ठरव."

त्या संध्याकाळी तिने इतक्या वर्षांच्या सगळ्या वह्या पट्ट्या भिजवायच्या मोठ्या बादलीत पाण्यात घातल्या. शाई सुटली, पाणी निळं झालं, कागदाचा लगदा झाला. कंपाउंडर शेजारी उभा होता. त्याला काहीतरी विनोद सुचला असावा, कारण त्याचे ओठ हलले. पण त्याने तो गिळला आणि बादली उचलून ओतायला नेली.

स्टेजवर तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती एका मुलाच्या गुडघ्याला पट्टी बांधत होती.

चार ते सहा ती अजूनही व्हरांड्यात बसते. काट्याच्या दांडीला तेल घालते, पितळ पुसते. महिन्याभराने एक मुलगी मागच्या दाराने आली. नवीन होती. डोळे सुजलेले होते, पण ते सर्दीनेही सुजतात.

"मावशी, वजन करायचंय."

मावशी उठली. ठोकळा सरकवला. दांडी झुकली, उठली, डुलायला लागली. मावशीने वाट बघितली. मुलगी भिंतीकडे बघत होती. तिचे ओठ एकदा उघडले आणि मिटले. व्हरांड्याच्या टोकाशी तिची मैत्रीण उभी होती, आणि तिने मान नकारार्थी हलवली.

"किती झालं?"

"थांब गं, दांडी डुलतेय अजून."

"थांबली की," मुलगी म्हणाली.

मावशीने बघितलं. खरंच थांबली होती.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली.

मुलगी उतरली, चप्पल घातली आणि मैत्रिणीबरोबर गेली. मावशीचा हात सवयीने केसांत खोचलेल्या पेनाकडे गेला होता. तो तिथेच थोडा वेळ राहिला. मग तिने ठोकळा मागे सरकवून शून्यावर आणला.