यांची बंदूक कुणाला द्यायची

आमचं घर सोलापुरात भवानी पेठेत होतं. आजूबाजूला सगळी विणकरांची घरं. उजाडलं की मागांची खटखट सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. शेजारच्या बायका आपसांत तेलुगूत बोलायच्या, माझ्याकडे बघून हसायच्या, आणि तेवढ्यावरच आमचं बोलणं संपायचं. हे गिरणीच्या दवाखान्यात डॉक्टर होते. आम्हाला मूलबाळ झालं नाही.

यांना नाद एकच, शिकारीचा. दुनळी बंदूक होती, तिचा परवाना यांच्या नावावर होता. शनिवारी दवाखान्यातून आले की बंदूक खांद्याला अडकवून मोहोळची गाडी धरायची, ते रविवारी संध्याकाळी परत. सीना नदीच्या काठी कुणी ओळखीचा धनगर होता, त्याच्या शिवारात जायचे. येताना बहुतेक हात रिकामेच असायचे. विचारलं तर, काही गावलं नाही, एवढंच सांगायचे. मला वाटायचं, तिकडे चारचौघांचा मेळा जमत असेल, शेकोटी आणि गप्पा रंगत असतील. मी रविवारी एकटीपुरता भात टाकायची आणि त्या न पाहिलेल्या धनगरावर मनातल्या मनात जळायची.

विषमज्वरानं हे गेले. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे आपापल्या गावी परतले आणि घर रिकामं झालं. त्यानंतर एके सकाळी पोलीस चौकीतला हवालदार आला. माणूस भला होता, उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. परवाना ज्याच्या नावावर तो माणूसच गेल्यावर बंदूक घरात ठेवता येत नाही, ती चौकीत जमा करावी लागेल, असं त्यानं सांगितलं. वारस म्हणून मी ती कुणालाही देऊ शकते, पण घेणाऱ्यानं आधी स्वतःच्या नावानं परवाना काढला पाहिजे, आणि आमच्या देण्याघेण्याला कचेरीची मंजुरी हवी. ठरल्या मुदतीत कुणी घेणारा निघाला नाही तर ती सरकारजमा होणार. मी मान हलवली. त्या बंदुकीला मी जन्मात हात लावला नव्हता. तरी तो ती घेऊन गेला आणि रिकाम्या खुंटीखाली मला बसवेना.

माझे दीर बार्शीला असत. त्यांचं लगेच पत्र आलं की बंदूक घरातच राहिली पाहिजे, आपण परवान्याची खटपट करतो. त्यांनी कधी शिकार केली नव्हती. दिवाणखान्यात बंदूक टांगलेली असली की वजन वाढतं, असं ते एकदा माझ्यासमोरच बोलले होते. मी उत्तर लिहिलं नाही. नकोही म्हणावंसं वाटलं नाही, कारण माझ्याशी नातं ठेवणारं सासरचं माणूस आता ते एकटेच होते.

अशातच एक दिवस दुपारी दाराशी उंच, काळासावळा माणूस येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडं, डोक्याला तांबडं मुंडासं, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. त्यानं विचारलं, "डाक्टरसाब हाईत न्हवं घरात?"

तोवर हे गेल्याचं मी कुणालाही माझ्या तोंडानं सांगितलं नव्हतं. सगळ्यांना दुसऱ्यांकडूनच कळलं होतं. या अनोळखी माणसाला मात्र मलाच सांगावं लागलं. तो पायरीवर बसला. मग म्हणाला, लई रविवार आले न्हाईत, म्हणून बघाया आलो.

हाच तो सीनेकाठचा धनगर, हे मला तेव्हा कळलं. मी पाणी दिलं. बोलायचं म्हणून विचारलं, की तुमची मंडळी किती असायची शिकारीला? त्याला प्रश्नच कळला नाही. मंडळी कुठली, म्हणाला, आम्ही दोघंच. मग मी विचारलं, की दोघं मिळून मारत काय होता?

"मारत हुते कुटं?" तो म्हणाला. "बार उडवल्याला म्या लई कमी बघितला, बाई. डाक्टर येऊन झोपायचे. लिंबाखाली घोंगडं टाकून द्यायचो. मी मेंढरं राखायचो, त्ये झोपायचे. घरी झोप न्हाई म्हनायचे. रातच्याला बी कुनी ना कुनी दार वाजवतंय औशदाला."

मी म्हटलं, मग बंदूक कशाला न्यायचे?

"त्ये मीबी इचारलं. म्हनले, नुसता आलो तर लोक इचारतील, डाक्टर कुटं जातो. शिकारीला जातो म्हनलं की कुनी काय इचारत न्हाई."

तो गेल्यावर मी दार लावून घेतलं. आधी मला रागच आला. झोपायचंच होतं तर मला सांगायचं. मी दाराला बाहेरून कुलूप घालून पायरीवर पहारा दिला असता. मग आठवत गेलं, की रविवारी हे घरात असले तर मीच बोलायला बसायची. आठवडाभर माझ्याशी बोलायला कुणी नसायचं आणि आठवडाभर यांना कुणी गप्प राहू द्यायचं नाही. दोघांचं दुखणं एकमेकांच्या उलट होतं. यात चूक कुणाची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या वेळी तो वांगी घेऊन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, बंदूक तुम्ही घ्या. तो चांगलाच दचकला. धनगराला कोण परवाना देतंय, म्हणाला. पण त्याच्या कळपात लांडगे पडत होते आणि हरणं ज्वारी खात होती, तेच कारण आम्ही अर्जात घातलं. ते खरंच होतं आणि पोलीसपाटलानं तसा जबाब दिला. अर्ज मामलेदारांकडून फिरत फिरत कलेक्टर कचेरीत गेला. मधे बरेच महिने गेले. दिरांना कळलं तेव्हा ते स्वतः आले. घरची वस्तू धनगराच्या खांद्यावर दिसणार, लोकांना काय सांगायचं, असं म्हणाले. मी सांगितलं, वारस म्हणून माझं नाव लागलंय आणि माझं ठरलंय. ते जेवायला थांबले नाहीत. त्यानंतर त्यांचं पत्र आलं नाही, मीही घातलं नाही.

परवाना झाल्यावर दोघांना कचेरीत बोलावलं. यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. डोक्यावरचा पदर पुढे ओढून मी पट्टेवाल्यांच्या बाकाशेजारी उभी राहिले. साहेबांनी विचारलं, स्वखुशीनं देताय ना, कुणाचा दाब नाही ना. मी स्वखुशीनं देतेय म्हटलं. मग कारकुनानं विचारलं, घेणाऱ्याशी नातं काय?

मी धनगराकडे बघितलं, तो खाली बघत होता. मी म्हटलं, "नातं नाही. ते यांच्या सोबतीला असायचे."

कारकुनानं काय लिहिलं ते मी वाचलं नाही, सही केली. हवालदारानं बंदूक त्याच्या हातात दिली. त्यानं नळ्या जमिनीकडे धरून ती मधोमध उघडली, आत काडतूस नाही ते बघितलं आणि मगच खांद्याला अडकवली. अगदी हे करायचे तसंच. मी तोंड फिरवलं.

तो वर्षाकाठी परवाना नवा करायला सोलापूरला यायचा, तेव्हा घरी डोकावून जायचा. बाकी वर्ष तसंच जायचं.

मग तीस सालच्या चळवळीत सरकारनं लष्कर आणलं आणि शहरात मार्शल लॉ लागला. लोकांनी दारं लावून घेतली, माग बंद पडले. ज्या खटखटीचा मला इतकी वर्षं त्रास व्हायचा ती थांबली, तर घर खायला उठलं. रस्त्यावरून बूट वाजत जायचे. शेजारची पुष्कळ कुटुंबं गावाकडे निघून गेली. माझी विचारपूस करायला कुणी आलं नाही. बार्शीहूनही नाही.

जाच थोडा सैल झाल्यावर एका दुपारी दार वाजलं. मी फटीतून बघितलं तर तोच. बंदूक घरी ठेवून आला होता. गाड्यांचा भरवसा नव्हता म्हणून मोहोळकडून पायी चालत आला होता.

"हाईसा न्हवं बऱ्या?" त्यानं विचारलं. "कारभारीन म्हनली, जाऊन बघून या."

मी त्याला आत बोलावलं. तो उंबऱ्याशीच टेकला. कोंडीच्या दिवसांत भाजी मिळत नव्हती. डब्यात ज्वारीचं पीठ होतं, थोडी शेंगाचटणी होती. मी चूल पेटवली. तो भिंतीला पाठ लावून बसला, लांडग्यांची, पाण्याची, थोरल्या सुनेच्या बाळंतपणाची हकीगत सांगत राहिला. मी भाकऱ्या थापत होते आणि मधूनमधून नुसतं हं म्हणत होते. अंधार पडायच्या आत त्याला शहराबाहेर पडायचं होतं, म्हणून जेवून लगेच उठला. उरलेली भाकरी मी फडक्यात बांधून त्याच्याबरोबर दिली.