चाळीस नंबरचं डांबर

आकारामला डांबराची किळस कधी आली नाही. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं तो डांबर तपासतोय. नखांत काळं, बाहीवर काळं, त्याचं त्याला काही नाही. किळस येते ती माणसांची. रस्ता करणाऱ्यांची, करवून घेणाऱ्यांची आणि त्यावरनं जाणाऱ्यांची. कुणी म्हणालं, "काय आकाराम, रस्ता भारी झालाय की," तर तो आधी बाजूला जाऊन थुंकतो आणि मग बोलतो, "साखर कारखाना सुरू झाल्यावर ये मर्दा बघायला."

शिक्षण बारावी नापास. पण डांबराची वाटी समोर ठेवली की सुई आत किती घुसते आणि गरम पाण्यात पोलादी गोळी कधी खाली सुटते, एवढ्यावरनं तो सांगणार, हे कुठल्या रस्त्यावर टिकेल आणि कुठं मातीत जाईल. काकवीचा पाक वेगळा, गुळाच्या ढेपेचा वेगळा. एकाच काहिलीतला रस, पण उतरवायची वेळ चुकली की सगळं वाया. डांबराचंही तेच. थंड मुलखात मऊ दहा नंबर घालायचं, नाहीतर तडकतं. आपल्याकडच्या नेहमीच्या रस्त्याला तीस नंबर. आणि जिथं ऊन कडक, गाडी जड आणि चाल गोगलगायीची, तिथं घट्ट चाळीस नंबर. गगनबावड्याच्या पावसात तर नुसता नंबर बघूनही भागत नाही, डांबर ओल्या खडीला धरून राहतंय का ते आधी बघावं लागतं. एवढी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट शहाण्याच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

मुरगूडच्या अलीकडं एक फाटा आहे. तिथनं कारखान्यापर्यंत सात किलोमीटरचा रस्ता. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीवर ऊस आभाळाला टेकलेला, वर कर्ण्यावर गाणी, आणि कारखान्याच्या दारात नंबर लागेपर्यंत अर्धा अर्धा दिवस जागच्या जागी उभं. तीस नंबरचं डांबर त्या ओझ्याखाली दुपारच्या उन्हात बसत गेलं. चाकांखाली वीतभर सरी आणि मधे डांबराचा वरंबा. उसाच्या रानात असतं ना, तसंच. फक्त लावण तेवढी करायची राहिली होती.

त्या वरंब्यावर गेल्या जानेवारीत आकारामची थोरली बहीण झुंबरबाई पडली. नवरा गुंडू, कारखान्याला ऊस ओढणारा ट्रॅक्टरवाला. त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून ती डेअरीला निघाली होती. चाक सरीत गेलं, बाहेर काढताना वरंब्यावरनं घसरलं. गुंडूला खरचटलं, तिच्या मांडीचं हाड मोडलं. आत सळई बसवली. तेव्हापासून बाई काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत येते आणि परत जाते. म्हशीच्या शेणाला कधी नाक न मुरडलेली बाई, आता गोठ्याकडं बघून डोळे पुसते. आकाराम भेटायला गेला की एकच म्हणते, "तू डांबरातला माणूस न्हवं? एवढा एक रस्ता नीट कर की रं. माझं र्‍हाऊ दे, उद्या पोरीबाळी पडतील."

आकारामनं मनाशी धरलं. हा एक रस्ता चाळीस नंबरचाच होणार.

त्या रस्त्याचं नवं काम निघालं, आणि कुठलं डांबर घालायचं ते ठरवायचं काम नेमकं त्याच्याच साहेबांकडं आलं. साहेबांचं नाव उदयसिंह. परीटघडीचा शर्ट, बूट असे की रस्त्याला पाय लागलाय का नाही शंका यावी. सप्टेंबरात अहवाल टेबलावर पडला. आकारामनं उघडला. डांबर, तीस नंबर. कारण, जड वाहनं नगण्य. तो डोळे फाडून बघत राहिला. मग तारखेवर नजर गेली आणि त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. वाहनं मोजली होती ऑगस्टमध्ये! कारखाना बंद, ऊस रानात उभा, ट्रॉल्या परड्यात पालथ्या पडलेल्या. रस्त्यावर दुधाचे टेम्पो आणि शाळेच्या सायकली. त्या सायकलींच्या वजनावर शहाण्यांनी रस्ता बेतला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

"साहेब, ह्या रस्त्यावर ऊस जातोय की हो," तो म्हणाला.

"कागदावर कुठाय ऊस?"

"ऑगस्टात कसा असंल? गळीत दिवाळीनंतर सुरू हुतंय."

"नियमाप्रमाणं सात दिवस मोजलंय, आकाराम. नियमात ऊस नाही."

आकारामला वाटलं, ह्या माणसाला उचलावं आणि जानेवारीत त्या वरंब्यावर नेऊन बसवावं. असली शिसारी त्याला आयुष्यात आली नव्हती. पण मांडीतली सळई डोळ्यासमोर होती. त्यानं तोंड शिवलं आणि पाठपुरावा धरला. त्या सरी-वरंब्याचे फोटो आणले, खोली मोजून आणली, खणून काढलेल्या डांबराचे तुकडे साहेबांच्या टेबलावर ठेवले. तीन महिने तो त्या काचेच्या केबिनपुढं भिकाऱ्यागत उभा राहिला. शेवटी वैतागून साहेब म्हणाले, "बरं बाबा, जानेवारीत तीन दिवस परत मोजू. वजनासकट. पण त्यात निघालं नाही तर परत तोंड दाखवायचं नाही."

"निघंल की," आकाराम म्हणाला. "डोळं झाकून निघंल."

जानेवारीत फाट्यावर तंबू पडला. रस्त्यावर वजनाच्या पट्ट्या अंथरल्या, गाड्या थांबवायला एक हवालदार उभा केला. आकाराम प्रयोगशाळेत सुया पुसत बसला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेबांनी बोलावलं आणि कागद पुढं सरकवला. तीन दिवसांत ट्रॅक्टर चार. त्यातले तीन रिकामे. एकात घरी चाललेलं लग्नाचं सामान.

"कुठाय तुझा ऊस?" साहेब हसत म्हणाले. त्या हसण्यात दात जरा जास्तच दिसत होते.

आकारामनं कागद उलटसुलट करून बघितला. सकाळ उजाडताच गाडी काढली आणि तो थेट फाट्यावर गेला. तंबू उठला होता. आणि रस्ता? ट्रॉलीमागं ट्रॉली, कर्णे कोकलतायत, रांग फाट्यापासून पार कारखान्यापर्यंत! तो गाडीवरनं उतरला, कडेला जाऊन थुंकला आणि तसाच बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला.

गुंडू सोप्यात चहा पीत होता. "या पावणं!" तो ओरडला. "बसा. तुमच्यामुळं गाव वाचलं बघा."

"काय झालं दाजी?"

"आवं, फाट्यावर आरटीओ बसला नव्हता का? वजनाचं मशीन घेऊन! आमच्या ट्रॉल्या मापाच्या दुप्पट. एक जरी घावली असती तर लायसन गेलं असतं. पर आमी काय खुळं हाय? सगळ्या मालकांना मोबाईलवर निरोप गेला, तीन दिवस कॅनॉलच्या रस्त्यानं चला. एक चाक फाट्यावर फिरकू दिलं न्हाय."

आकारामच्या डोक्यात संताप उसळला. वर्षभर ह्याच माणसानं रस्त्याच्या नावानं बोटं मोडली होती. सरकारला शिव्या, ठेकेदाराला शिव्या. आणि ज्या तीन दिवसांत नुसतं नेहमीसारखं जायचं होतं, त्या तीन दिवसांत गेला कॅनॉलवरनं! दोन्हीकडचे शहाणे. एकाला ऊस दिसत नाही, दुसरा ऊस दाखवत नाही. थू असल्या जिनगानीवर!

"कुणाच्या डोक्यातनं निघालं हे?" त्यानं दात चावत विचारलं. "कोण दीडशहाणा त्यो?"

आतनं काठीचा आवाज आला. झुंबरबाई उंबऱ्यात आली, दाराला धरून उभी राहिली आणि कौतुकानं हसली.

"मीच की रं," ती म्हणाली. "तंबू बघितला आन् तुला फोन लावला. म्हटलं, आकाराम, कोण हायत रं ही माणसं? तू म्हणालास, 'कामाचं हाय आक्का, तुला कळायचं न्हाय, ठेव.' मग मी वळखलं. आपला आकाराम सरकारी लोकांच्यात बसलेला, त्याला उघड बोलता येत न्हाय. न्हाईतर बहिणीवर कशाला खेकसंल? म्हटलं, सावध करतोय त्यो आपल्याला."

त्या फोनची आकारामला आठवणही नव्हती. साहेबाला त्यानं तीन महिने समजावलं होतं. तुकडे दाखवले, फोटो दाखवले, हात जोडले. आणि जिच्यासाठी हे सगळं, तिला एक वाक्य सांगितलं नव्हतं. अडाणी बाई, तिला काय कळणार! साहेब त्याच्याशी जसा बोलायचा, तसाच तो हिच्याशी बोलला होता. सकाळपासून जगाची आलेली किळस उलटी फिरली ती त्याच्यावरच.

झुंबरबाईनं त्याच्या हातात चहाची कपबशी दिली आणि दारातनं रस्त्याकडं बघत विचारलं, "आता तरी चांगलं डांबर पडंल न्हवं रं?"

"पडंल की," आकाराम म्हणाला.